साठेखत, आग आणि एकशे दोन सेकंद

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एखाद्या वकिलाला विचारून बघा. घराचं साठेखत झालं, विसार दिला, खरेदीखत पुढच्या महिन्यात व्हायचंय आणि मधल्या काळात घराला आग लागली. नुकसान कुणाचं? हातातला चहाचा कप खाली न ठेवता तो सांगेल, विकणाऱ्याचं. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानुसार नुसत्या साठेखताने घेणाऱ्याचा मिळकतीत हक्क तयार होत नाही. मालकी खरेदीखताने जाते आणि जोखीम मालकीच्या मागून जाते. हेच घर लीड्स किंवा मँचेस्टरमध्ये असेल, तर उत्तर उलटं. तिथल्या नेहमीच्या व्यवहारात दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या प्रतींची अदलाबदल झाली की जोखीम घेणाऱ्यावर. घराची राख झाली तरी ठरल्या दिवशी पूर्ण पैसे मोजायचे. म्हणून तिथला सॉलिसिटर आपल्या पक्षकाराला बजावतो, करार होईल त्याच दिवशी विमा उतरवा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायचं असेल, तर असल्या तीनशेसाठ प्रश्नांमधून जावं लागतं. परीक्षेचं नाव सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन. सगळे एसक्यूई म्हणतात. परदेशी वकिलांसाठी याआधी तिथे वेगळ्या परीक्षा होत्या. त्या मोडून सप्टेंबर २०२१ पासून सगळ्यांना एकच परीक्षा ठेवली. लंडनमध्ये जन्मलेला मुलगा आणि कोल्हापुरात सनद घेतलेली मुलगी, दोघांपुढे एकच पेपर. पहिल्या भागात दोन पेपर, प्रत्येकी एकशेऐंशी प्रश्न, प्रश्नामागे पाच पर्याय. नव्वद प्रश्नांना दोन तास तेहेतीस मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एकशे दोन सेकंद. तेवढ्यात आठ-दहा ओळींची हकिगत वाचायची, कायदा आठवायचा आणि पाचांपैकी 'सर्वांत योग्य' पर्याय निवडायचा. पाचातले तीन बरे वाटतात, हीच खुबी. पुस्तक जवळ ठेवता येत नाही.

आपल्याकडची अखिल भारतीय बार परीक्षा शंभर प्रश्नांची, तीन-साडेतीन तासांची, आणि टिपा न लिहिलेले कायद्यांचे मूळ मजकूर तिथे उघडून बसता येतं. कायद्याच्या पदवीला तर 'सविस्तर उत्तरे लिहा' आणि 'टिपा लिहा' यांवरच आपल्या पिढ्या वाढल्या. तीन पानं लिहिण्याची सवय झालेल्या हाताला एका गोलात उत्तर द्यायचं म्हणजे अवघडच.

तरी इंग्रजी कायदा आपल्याला परका आहे म्हणून ही परीक्षा जड जाते, असं मला वाटत नाही. उलट तो ओळखीचा आहे म्हणून जड जाते. आपला करार कायदा १८७२ चा, विश्वस्त कायदा १८८२ चा. सगळे इंग्रजांनी इंग्रजी तत्त्वांवर बेतलेले. शब्द तेच, इमारत तीच, फक्त दारं भलत्या भिंतीत. एखाद्याचं हरवलेलं पाकीट तुम्ही शोधून दिलंत आणि त्याने खूश होऊन पन्नास रुपये देईन म्हटलं. आपल्या करार कायद्याच्या कलम २५ खाली हेच उदाहरण दिलेलं आहे, आणि कायदा म्हणतो, हा करार आहे. इंग्लंडमध्ये नाही. तिथे आधी करून झालेलं काम मोबदला धरलं जात नाही. आपल्याकडे वचन एकाला आणि मोबदला तिसऱ्याने दिला तरी चालतं. तिथे मोबदला ज्याला वचन दिलं त्याच्याकडूनच यावा लागतो. अज्ञान मुलाशी केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल, असं १९०३ मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात ठरलं. ठरवलं कुणी? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने. आणि खुद्द लंडनमध्ये नियम निराळा: करार मुळातच नाहीसा होत नाही, मुलाला तो झिडकारता येतो, आणि जीवनावश्यक वस्तूंचे रास्त पैसे त्याला द्यावेही लागतात. साहेबाने आपल्याला दिलेला नियम साहेबाच्याच परीक्षेत लिहिला की गुण गेले!

वारशाचा भाग तर कोल्हापूरच्या माणसाला मनातून पटतच नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगा, मुलगी आणि आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. आईचा हिस्सा बायकोइतकाच. इंग्लंडमध्ये मागे बायको आणि मुलं असली, तर बायकोला घरातल्या वापराच्या चीजवस्तू, जुलै २०२३ पासून पहिले तीन लाख बावीस हजार पौंड, आणि उरलेल्यातला अर्धा वाटा. दुसरा अर्धा मुलांचा. आईला काही नाही. पर्यायांमध्ये 'आई' हा शब्द मुद्दाम पेरलेला असतो, आणि आयुष्यभर वारस दाखल्यांच्या अर्जात आईचं नाव घातलेला हात आपोआप तिकडे वळतो. मृत्युपत्रातही तसंच. तिकडे लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सहसा रद्द होतं. आपल्या उत्तराधिकार कायद्यातही तसं कलम आहे, पण हिंदूंना ते लागू नाही, त्यामुळे पेठेतल्या वकिलाची त्याच्याशी कधी गाठ पडलेलीच नसते.

जमिनीचं सांगायलाच नको. इथे वकील शोध अहवाल काढतो, सिटी सर्व्हे नंबर, मिळकत पत्रिका, सातबारा, फेरफार तपासतो आणि तरीही शेवटी हातचं राखून लिहितो, कारण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. तिथे सरकारी नोंदवहीत नाव लागलं की मालकीची हमी सरकारच घेतं. तीस वर्षांचे दस्त उलटून पाहण्यात तरबेज असलेल्या माणसाने इतका सरळ विश्वास ठेवायचा कसा, हा कायद्यापेक्षा स्वभावाचा प्रश्न आहे.

शिवाजी पेठेत बसून या परीक्षेची तयारी करायची तर दिवस कसा बेतावा लागेल, ते सांगायला मी एक मुलगी उभी करतो. ती कुणी एक व्यक्ती नव्हे. तिने शहाजी लॉ कॉलेजातून पदवी घेतली, सनद काढली आणि एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअरशिप धरली, असं समजू. सकाळी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात तारखा, मुदतीचे अर्ज, पुरसिस. संध्याकाळी सरांच्या ऑफिसात कैफियत लिहिणं. रात्री घरी जेवण उरकून अभ्यास. लंडनचा संध्याकाळी सहाचा वर्ग उन्हाळ्यात इथे साडेदहाला सुरू होतो. ऑक्टोबरअखेरीला तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच वर्ग साडेअकराला जातो. नेमकी दिवाळी! पहिला भाग वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत असतो. जानेवारीची परीक्षा धरली तर अभ्यासाच्या ऐन भरात गणपती, नवरात्र आणि दिवाळी येतात. जुलैची धरली तर फुटबॉलचा हंगाम आणि जोतिबाची चैत्र यात्रा. मोकळा महिना कोल्हापूरच्या पंचांगात नाही.

पेठ अभ्यासाला प्रतिकूल आहे असं नाही. इथल्या अभ्यासिका भरलेल्या असतात, पण तिथली मुलं राज्यसेवेची, पोलीस भरतीची. एकमेकांच्या वह्या, एकमेकांचे प्रश्नसंच, चहाच्या टपरीवर चालू घडामोडी. विश्वस्ताची कर्तव्यं इंग्रजीतून घोकणाऱ्या मुलीला त्यात जोडीदार मिळत नाही. फुटबॉलमध्ये खंडोबा तालीम जिंकली की गाड्यांचे हॉर्न निवृत्ती चौकापासून ऐकू येतात, तेव्हा तिने कानाला हेडफोन लावून दिवाळखोरीचे प्राधान्यक्रम ऐकायचे. आणि गल्लीतला प्रश्न ठरलेला, "म्हंजे आता लंडनच्या कोर्टात उभी ऱ्हाणार व्हय?" याचं उत्तर 'नाही' असंच आहे, पण ते समजावायला वेळ लागतो. कोर्टात उभं राहणं हे मुख्यतः बॅरिस्टरचं काम. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, करार लिहितो, घराचे व्यवहार करतो, खटल्याची तयारी करतो. मुंबईच्या माणसाला हा फरक ठाऊक असतो, कारण तिथे बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आजही चालते. कोल्हापुरात परदेशी वकिली म्हटलं की डोळ्यांपुढे बॅरिस्टरच येतो.

तेही साहजिक आहे. शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाने ओळखलं जातं. आणि इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असलेली गोष्ट म्हणजे शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर. आंबेडकरांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये, बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत, नाव घातलं १९१६ मध्ये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवावे लागले. मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, शाहू महाराज तिथे आले, आणि त्याच वर्षी जुलैत आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. गाठीला स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांचं कर्ज आणि महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. महाराजांचं ६ मे रोजीच मुंबईत निधन झालं होतं. दोन महिनेही उरले नव्हते.

या इतिहासात मला नेहमी खटकतं ते हे की, तेव्हाची बॅरिस्टरची परीक्षा फारशी अवघड नव्हती. गांधीजींनी आत्मकथेत तिचे जे आकडे दिले आहेत ते पाहिले तर आजचा उमेदवार हेव्याने बघत राहील: रोमन कायद्यात शंभरातले पंच्याण्णव ते नव्याण्णव पास, अंतिम परीक्षेत पंच्याहत्तरहून अधिक. अवघड होतं ते लंडनमध्ये राहणं. बारा सत्रं भरायची, आणि सत्र भरायचं म्हणजे इनच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने जेवायचं. खाल्लं नाही तरी हजेरी लागत होती आणि पैसेही लागत होते. चाळणी लावलेली होती ती बोटीच्या तिकिटाला, खोलीच्या भाड्याला आणि त्या जेवणांना. कायद्याची चाळणी त्यामानाने सैल. ज्याला तीन वर्षं लंडनमध्ये राहणं परवडलं तो बहुधा बॅरिस्टर होऊनच परतला. ज्याला परवडलं नाही त्याच्या बुद्धीची कसोटी लागलीच नाही. शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं असं म्हणायला जागा आहे. त्यांनी आपल्या संस्थानात अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या लोकांना वकिलीच्या सनदा दिल्या. सनद देणं राजाच्या हातात होतं, ते त्याने केलं. लंडनची सनद त्याच्या हातात नव्हती, तिथे त्याने पैसे दिले.

स्वातंत्र्यानंतर बॅरिस्टरचा तोरा कायद्यानेच ओसरला. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात बॅरिस्टरला त्या बळावर इथली सनद मिळण्याची सोय ठेवली होती, पण ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरती.

सॉलिसिटर व्हायला आता बोट लागत नाही. पहिल्या भागाचे पेपर संगणक केंद्रात देता येतात, आणि अशी केंद्रं इंग्लंडबाहेरही आहेत. इथल्या मुलीने महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून मुंबईत पेपर द्यायचा, एवढंच समुद्रउल्लंघन. पदवी कुठली, आडनाव कुठलं, कुणी विचारत नाही. पण चाळणी उलटी झाली आहे. पूर्वी परीक्षा सोपी आणि राहणं महाग. आता राहणं नाही, पण परीक्षाच कठीण आणि महाग. पहिल्या भागात बसणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास पास होतात, कधी त्याहूनही कमी. सहा वर्षांत तीनच वेळा बसता येतं. दोन्ही भागांची मिळून फी २०२१ मध्ये ३,९८० पौंड होती. आता पावणेपाच हजारांच्या वर गेली आहे. रुपयांत साडेपाच लाखांच्या वर. वर्गांचे पैसे वेगळे, नापास झालं तर पुन्हा भरायचे ते वेगळे.

याच्या शेजारी आपले आकडे ठेवू. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलीची सनद देताना बार कौन्सिलने खुल्या गटाकडून साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींकडून सव्वाशे रुपयांच्या वर नोंदणी फी घेऊ नये. कायद्यात लिहिलंय तेवढंच. निकाल लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. शंभर वर्षांपूर्वी बॅरिस्टर होऊन आलेल्या आंबेडकरांना मुंबईत सनद काढायला पुन्हा भथेनांकडेच हात पसरावा लागला होता, हे आठवलं की या निकालाचं मोल कळतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलाला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारस आहे, सक्ती नाही. ती अक्षरशः पाळली गेली असं धरलं, तरी परीक्षेच्या फीला दोन वर्षांहून अधिक कमाई जाते. सनद साडेसातशेत आणि परीक्षा साडेपाच लाखांत, अशी ही तफावत. घर गहाण ठेवून हे करायचं का, यावर जेवणाच्या ताटावर वाद होणार नाहीत असं घर पेठेत शोधून सापडणार नाही.

शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशातल्या नामांकित विद्यापीठात शिकता यावं म्हणून. पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी. व्यवसायाची परीक्षा विद्यापीठाबाहेर पडली, आणि त्या परीक्षेच्या फीसाठी शाहू महाराज कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

एवढं करून मिळतं काय? सॉलिसिटर ही पदवी मिळते. व्हिसा मिळत नाही. जुलै २०२५ पासून तिकडच्या कुशल कामगार व्हिसासाठी साधारण किमान पगार ४१,७०० पौंड केला आहे, आणि तो देणारी फर्म आधी शोधावी लागते. नवऱ्याची नोकरी तिकडे असल्यामुळे जाणाऱ्या मुलींना ही अडचण नसते, आणि त्यांना या परीक्षेचा उपयोग सर्वांत जास्त आहे असं माझं मत. सनद असून परक्या देशात नुसतं घरी बसून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दुसरा गट पुणे, मुंबई, बंगळूरच्या कंपन्यांत परदेशी करार तपासणाऱ्यांचा. त्यांना इथेच बसून दर वाढवून मिळू शकतो. शिवाय दार दुसऱ्या बाजूनेही किलकिलं झालंय. बार कौन्सिलने २०२३ मध्ये परदेशी वकिलांना परस्पर सवलतीच्या तत्त्वावर इथे आपापल्या देशाच्या कायद्याबाबत सल्ला द्यायला परवानगी देणारे नियम काढले, मे २०२५ मध्ये ते सुधारले. कोर्टात उभं राहणं नाहीच, पण सल्ल्याच्या खोलीत यापुढे दोन्ही कायदे येणाऱ्याला मागणी असेल.

आणि मग कोल्हापुरात जे घडलं ते. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी काही दशकं आंदोलनं केली. इथल्या तरुण वकिलापुढे आयुष्यात पहिल्यांदा उच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आलं. रिट याचिका, अपिलं, जामीन. ज्येष्ठ वकिलांना आता हाताखाली इंग्रजी चांगलं असलेली, मसुदा नीट लिहिणारी मुलं हवी आहेत, आणि एसक्यूईची तयारी करणारी मुलगी नेमकी तशीच असते. सर म्हणणार, "अगं, आता कुठं जातेस? आत्ताच तर काम आलंय." त्यात त्यांचा स्वार्थ आहे, आणि बरोबरही आहे. मी तिच्या जागी असतो तर परीक्षा दोन वर्षं पुढे ढकलली असती. त्या दोन वर्षांचा अनुभव फुकट जात नाही. परदेशी वकिलाला पुरेसा अनुभव दाखवून दुसऱ्या भागातून सूट मागता येते. पहिला भाग मात्र सहसा चुकत नाही.

सूट मिळाली नाही, तर दुसरा भाग. सोळा कामं: बारा लेखी, चार तोंडी. लेखी बाहेर देता येतात, पण तोंडीसाठी इंग्लंड किंवा वेल्सलाच जावं लागतं. एवढ्यापुरती जुनी बोट शिल्लक आहे. त्या चारांतली दोन कामं म्हणजे पक्षकाराची मुलाखत. समोर पक्षकार म्हणून एक माणूस बसवलेला, दहा मिनिटं कागद वाचायला, पंचवीस मिनिटं त्याच्याशी बोलायला, मग पंचवीस मिनिटांत टिपण लिहायचं. मुलाखतीचे गुण तो पक्षकार झालेला माणूसच देतो, आणि कायद्याचे नाही देत. आपलं ऐकून घेतलं का, आपल्याला पुन्हा यांच्याकडे यावंसं वाटेल का, याचे देतो.

इथे पेठेतली मुलगी लंडनच्या मुलाला मागे टाकू शकते. सरांच्या टेबलाशेजारी बसून तिने करवीर-पन्हाळ्याचे शेतकरी ऐकलेले असतात. बांधाच्या भांडणासाठी आलेला माणूस पहिली दहा मिनिटं पावसाबद्दल बोलतो, मग भावाबद्दल, आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबून खरी गोष्ट सांगतो, हे तिला माहीत असतं. थांबायचं कुठे आणि विचारायचं कुठे, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. एक सवय मात्र तिला इथेच सोडून जावी लागेल. पक्षकार उठताना आपण खांद्यावर हात ठेवून म्हणतो ना, "काळजी करू नका काका, होऊन जाईल सगळं"? तसं म्हणायचं नाही. निकालाची खात्री द्यायची नाही, फी किती होईल ते मात्र आधी स्वच्छ सांगायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं.